समुद्रकाठच्या बाजारात सहा दिवस

भिवंडीत आमचे कापडाचे दुकान आहे. वालिदसाहेबांच्या हातून ते आमच्याकडे आले त्याला आता पस्तीस वर्षे झाली. या काळात दोन्ही ईद, घरातील मयत, शहर बंद पडले ते दिवस आणि २०२० च्या टाळेबंदीचे महिने सोडले तर दुकानाचे शटर खाली राहिल्याचे आम्हाला आठवत नाही. हजला गेलो, नातेवाईकांच्या लग्नांना गेलो, मालाच्या खरेदीसाठी सुरतेला तर किती वेळा गेलो त्याचा हिशोबच नाही. पण पैसे खर्च करून एखाद्या गावी जायचे आणि तिथे नुसते बसायचे, ही गोष्ट आमच्या खानदानात कुणी केलेली नव्हती.

गेल्या वर्षी जुलैमध्ये ती घडली. आमचा थोरला मुलगा स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरी नोकरीस आहे. दुकान पुतण्याच्या आणि जुन्या मुनीमजींच्या हवाली करून आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो. मुलाने आधीच लार्ग्ज नावाच्या समुद्रकाठच्या गावी सहा दिवसांसाठी खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. नातवाला समुद्र दाखवायचा हे त्याचे एक कारण. दुसरे कारण त्याने सांगितले नाही, पण आम्हाला ठाऊक होते. आमच्या दुकानाच्या गाळ्याला एक पार्टी लागली होती. भाव बरा होता आणि जुलैअखेर हो किंवा नाही हे कळवायचे होते. मुलाचे म्हणणे, विकून मोकळे व्हा. फोनवर हा विषय निघाला की आम्ही गिऱ्हाईक आल्याचे निमित्त करून फोन ठेवत असू. लार्ग्जला गिऱ्हाईक येणार नव्हते.

हे प्रवासवर्णन व्यापाराच्या पानावर कशाला, असे वाचक बंधू विचारतील. उत्तर असे की लार्ग्जमध्ये आम्ही समुद्र थोडा पाहिला आणि बाजार जास्त पाहिला. जित्याची खोड, दुसरे काय!

ग्लासगो सेंट्रल स्टेशनवरून लार्ग्जला जाणारी गाडी सुमारे तासाभरात पोहोचवते. वाटेत पेझली स्टेशन लागते. कापडवाल्याला या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही. आपण ज्या नक्षीला कैरी किंवा कोयरी म्हणतो तिला सारे जग पेझली म्हणते. नक्षी काश्मिरी शालीवरची आणि नाव या स्कॉटिश गावाचे! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस येथील विणकरांनी काश्मिरी शालीची नक्कल मागावर विणण्यास आरंभ केला, पुढे जॅकार्ड आले, आणि १८७० च्या सुमारास बायकांच्या पोशाखाची फॅशन बदलेपर्यंत या गावाने त्या कैरीवर पोट भरले. शाल गेली तेव्हा गावाने शिवणाच्या धाग्याला हात घातला. कोट्स आणि क्लार्क ही दोन घराणी पेझलीचीच. भरतकामाचा जो अँकर धागा आपल्या बाजारात आजही विकला जातो, त्यातील नांगराची निशाणी क्लार्कच्या गिरणीची. त्या गिरण्याही पुढे बंद झाल्या.

आम्ही निघालो तो जुलैचा पहिला शनिवार होता. डब्यातील बरीच माणसे पेझलीला उतरू लागली, म्हणून चौकशी केली. कळले की आज तिथे विणकरांचा सण आहे. आम्ही हट्टाने सर्वांना खाली उतरवले. सूनबाई सामान सांभाळत थोड्या नाराज झाल्या, पण जे ऐकले ते कारागीर बांधवांना सांगण्यासारखे आहे.

या सणाचे नाव स्मा शॉट. तिकडच्या बोलीत स्मा म्हणजे लहान, आणि शॉट म्हणजे धोट्याची एक फेरी, आपल्या लूमवाल्यांच्या भाषेत एक पीक. शालीतील रंगीत बाना जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी एक बारीक धागा आत घालावा लागे. तो वरून दिसत नसे. दिसत नाही म्हणून व्यापारी त्याचे पैसे देत नसत. धागाही विणकराचा आणि मेहनतही विणकराची. तो घातला नाही तर शाल टिकत नाही आणि घातला तर हिशोबात धरला जात नाही. वर्षानुवर्षे हा झगडा चालला. अखेर १८५६ मध्ये व्यापाऱ्यांनी मान तुकवली आणि त्या न दिसणाऱ्या धाग्याचे पैसे देणे मान्य केले. विणकरांनी आपली वार्षिक सुट्टी जुलैच्या पहिल्या शनिवारी आणून तिला त्या धाग्याचेच नाव दिले. त्या दिवशी सकाळी ढोल वाजवून विणकरांना जमवायचे आणि मग बायकामुलांसह क्लाईड नदीतून बोटीने समुद्रकाठी सहलीला जायचे, असा रिवाज पडला. ढोल आजही वाजतो. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून मिरवणूक पाहिली. मजुरीवर माल विणणारे आपले कारागीर प्रत्येक पिकाच्या पैशांसाठी कसे घासाघीस करतात ते आम्ही रोज पाहतो. खरे सांगायचे तर घासाघिशीत समोरच्या बाजूला बहुतेक वेळा आम्हीच असतो.

दुपारच्या गाडीने लार्ग्जला पोहोचलो. गाव लहान, वस्ती अकरा हजारांच्या आसपास. स्टेशनातून बाहेर पडले की मुख्य रस्ता आणि तो संपला की समुद्र. खरे तर ही क्लाईडची खाडीच, पण इतकी रुंद की समुद्रच म्हणायचे. समोर हाकेच्या अंतरावर कंब्रे नावाचे बेट. वाळू फारशी नाही, गोटेच गोटे. किनाऱ्याला लागून लांबच लांब फरसबंद रस्ता आणि त्यावर बाके. बऱ्याच बाकांवर कुणाच्या तरी आठवणीची पितळी पट्टी. आपल्याकडे सवाबासाठी पाणपोई बांधतात तसा इथे बाक ठेवतात, असे बेगम म्हणाल्या.

गावाला इतिहास आहे. १२६३ मध्ये नॉर्वेचा राजा हाकोन आरमार घेऊन आला आणि इथेच स्कॉटिश फौजेशी त्याची लढाई झाली. तीन वर्षांनी तहात पश्चिमेकडील बेटे नॉर्वेने सोडली. त्या लढाईची आठवण म्हणून १९१२ मध्ये बांधलेला एक उंच निमुळता मनोरा किनाऱ्यावर आहे, लोक त्याला पेन्सिल म्हणतात. व्यापाऱ्याला इतका इतिहास पुरे.

आम्हाला अधिक वेधक वाटला तो गावाच्या धंद्याचा इतिहास. ग्लासगोत पूर्वी जुलैच्या उत्तरार्धात कारखाने, गिरण्या, जहाजाच्या गोद्या एकदम बंद होत. ही ग्लासगो फेअरची सुट्टी. त्या पंधरवड्यात अर्धे शहर बोटीत नाहीतर रेल्वेत बसून याच किनाऱ्याला लोटे. लार्ग्ज, रॉथसे, मिलपोर्ट अशा गावांची वर्षाची कमाई त्या काही आठवड्यांत होई. खोल्या भाड्याने देणाऱ्या बाया स्वतः मागच्या खोलीत झोपत आणि पुढच्या खोल्या पाहुण्यांना देत. आपल्याकडे रमजानचा शेवटचा अशरा जसा कापडवाल्याचा, तसा यांचा जुलै. पुढे १९६० आणि ७० च्या दशकांत स्पेनला जाणारी स्वस्त विमाने निघाली. तिथे ऊन हमखास, इथे पावसाचा भरवसा नाही. गिऱ्हाईक उडून गेले. ग्लासगोच्या गोद्या आणि गिरण्याही बंद पडत गेल्या, म्हणजे ज्यांना सुट्टी हवी तेच उरले नाहीत. अनेक खानावळी आणि लॉज त्या वेळी मिटले.

मग गाव उभे कसे आहे? खाण्यावर उभे आहे. पूर्वी माणूस पंधरा दिवस राही, आता सकाळी येतो आणि संध्याकाळी परततो. त्याला खोली नको, पण दोन वेळा खायला हवे, मुलाला आइस्क्रीम हवे, बसायला काचेची खिडकी हवी. ज्याने हे ओळखले तो टिकला. किनाऱ्यावर नारदिनी नावाचे प्रसिद्ध कॅफे आहे, १९३५ मधले. इमारत त्या काळच्या नव्या ढंगाची, पांढरी, गोल कोपऱ्यांची, आत वेताच्या खुर्च्या आणि उंच छत. मधल्या काळात ते बंद पडले होते, दुरुस्ती होऊन २००८ मध्ये पुन्हा उघडले. पाऊस पडत असूनही दुपारी बाहेर रांग होती. आम्ही रांगेत उभे राहून माणसे मोजली, सवयच तशी आहे. ताशी किती टेबले उलटतात त्याचा अंदाज बांधला आणि मुलाला सांगितला. तो म्हणाला, "अब्बा, तुम्ही सुट्टीवर आहात."

हे घराणे मूळचे इटलीच्या तस्कनी भागातील. स्कॉटलंडच्या गावोगावी आइस्क्रीम आणि तळलेल्या मासळीची दुकाने काढणारे बहुतेक लोक इटलीतून आलेले गरीब देहाती होते. परक्या मुलखात, परक्या भाषेत, गोऱ्यांनाच त्यांनी आइस्क्रीमची चटक लावली. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरला, आणि त्याच रात्री स्कॉटिश शहरांत इटालियन दुकानांच्या काचा फुटल्या. काल ज्यांच्या हातचे खाल्ले त्यांचीच दुकाने लुटली गेली. पुरुषांना पकडून नेले. त्यांतील अनेकांना कॅनडाकडे नेणारी अरांडोरा स्टार ही बोट २ जुलै १९४० रोजी जर्मन पाणबुडीने बुडवली, चारशेहून अधिक इटालियन त्यात गेले. जे वाचले आणि परतले त्यांनी पुन्हा काचा बसवल्या आणि पुन्हा दुकाने उघडली. १९८४ साल ज्याने भिवंडीत पाहिले आहे त्याने या ठिकाणी थोडे थांबून पुढे वाचावे. आम्ही तेव्हा सतरा वर्षांचे होतो.

आता खाण्याविषयी, कारण जाणाऱ्यांना तेच आधी विचारायचे असते.

पहिल्याच रात्री फजिती झाली. जुलैमध्ये तिथे सूर्य रात्री दहाच्या पुढे मावळतो. मगरीबची नमाज दहानंतर! बाहेर उजेड असल्याने भूकही उशिरा लागली, आणि आम्ही सव्वानऊला खाली जेवायला उतरलो. ज्या ठिकाणी उतरलो होतो तिथल्या वेटरने नम्रपणे सांगितले की स्वयंपाकघर साडेआठला बंद झाले. आम्हाला वाटले, काही तरी उरले असेल. भिवंडीत रात्री बारा वाजता कुणी उपाशी झोपत नाही. पण तिथे बंद म्हणजे बंद. तव्याखालचा विस्तव विझला की मालक आला तरी पेटत नाही.

मग मासळीच्या दुकानाकडे निघालो. तिकडे पिठात बुडवून तळलेली मासळी आणि बटाट्याचे जाड काप हे गरीब-श्रीमंत सर्वांचे खाणे. बटाट्यासह हवे तर सपर म्हणायचे, नुसते फिश म्हटले तर मासळीच मिळते. मासळी हलाल, बटाटा हलाल, पण तेलाचे काय? हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. काही दुकाने अजून गाईच्या चरबीत तळतात आणि तो त्यांच्या अभिमानाचा भाग असतो. पहिल्या दुकानात तेच उत्तर मिळाले, शुक्रिया म्हणून बाहेर पडलो. दुसऱ्या दुकानातील मुलीने सांगितले की वनस्पती तेल आहे. सूनबाईंनी पुढे विचारले, पिठात बिअर घालता का? नाही. त्याच कढईत सॉसेज तळता का? मुलगी काउंटरमागे बाजूला झाली आणि तिने हात करून दाखवले, मासळीची कढई ही, बाकीची ती. ना कपाळाला आठी, ना रांगेतल्या कुणाची कुरकुर. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१४ पासून पदार्थात दूध, गहू, अंडी, मासळी असे चौदा ॲलर्जीचे जिन्नस आहेत की नाहीत ते दुकानदाराने सांगावे असा कायदा आहे. त्यामुळे कशात काय आहे हे गिऱ्हाइकाने विचारणे तिथे रोजचेच झाले आहे. आपण आपला सवाल त्याच रांगेत बसवायचा. शिवाय स्कॉटलंडमध्ये खाद्यगृहाच्या दारावर स्वच्छतेच्या तपासणीचा शेरा लावलेला असतो, पास असे लिहिलेले असेल तर निर्धास्त आत जावे.

मासळी हॅडक नावाची होती. इंग्रज कॉड खातात, स्कॉटिश माणसाला हॅडक लागतो. आम्ही कोकणी मुसलमान, मासळीच्या बाबतीत आमचे मत कडक असते. तर आमचे मत असे: ताजी आहे, मांस पांढरे आणि पाकळ्यांचे, चव फार सौम्य, पापलेटची सर नाही. पण भुकेल्या पोटी, वाऱ्यात, बाकावर बसून, कागदातून हाताने खाताना ती चांगली लागली हे कबूल करतो. मीठ आणि सिरका वरून मारून देतात. बेगमनी पर्समधून लसणाची लाल चटणी काढली तेव्हा मुलगा इकडेतिकडे पाहू लागला, पण खाल्ली त्यानेही. नातवाच्या हातातला बटाट्याचा काप एका सीगलने अलगद उचलून नेला. तिथले हे पक्षी आपल्या कावळ्यांपेक्षा दुप्पट मोठे आणि चौपट बेशरम. मूल असेल तर पाठ समुद्राकडे करून बसवू नये.

पुढचे दिवस आम्ही शहाणे झालो. दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला जेवू लागलो. धूर दिलेला हॅडक, बटाटा, कांदा आणि दूध यांचे घट्ट सूप मिळते, त्याला कलन स्किंक म्हणतात. दूध आणि मासळी एकत्र ऐकून बेगमनी तोंड फिरवले होते, नंतर दुसरी वाटी मागवली. सामन मासा सगळीकडे असतो. मोठ्या कोळंबीसारखे लँगोस्टिन याच क्लाईडच्या पाण्यात सापडते, पण पकडलेला बराचसा माल थेट फ्रान्स-स्पेनला जातो. पिकते तिथे विकत नाही! हॅगिस हा त्यांचा राष्ट्रीय पदार्थ म्हणजे मेंढीची कलेजी, दिल आणि फेफडे ओटच्या भरड्यात घालून केलेला. आपल्याला तो परका वाटू नये, पण लार्ग्जमध्ये झबीहा मिळेल याची खात्री नाही. बिनमांसाचा हॅगिस १९८४ पासून निघाला आहे, तो खाऊन पाहिला, मसालेदार डाळीच्या चुऱ्यासारखा लागला. ब्लॅक पुडिंग नावाने जे न्याहारीत येते ते रक्ताचे असते, त्याच्या जवळ जाऊ नये. आइस्क्रीमवर किंवा बिस्किटात मार्शमेलो असेल तर जिलेटिनची चौकशी करावी, साधे व्हॅनिला घेतले की बहुतेक प्रश्न मिटतो. पाण्याच्या बाटलीचे पैसे देऊ नका, जिथे दारूचा परवाना आहे तिथे नळाचे पिण्याचे पाणी मागितल्यास फुकट देणे स्कॉटलंडच्या कायद्याने बांधील आहे. मात्र अशा ठिकाणी शेजारच्या टेबलावर दारू असणार हे धरूनच चालावे. आम्हाला ते जड गेले, म्हणून संध्याकाळी आम्ही कॅफेच गाठत होतो.

मटण-मुर्गीची तलफ आली तर ग्लासगोला परत यावे. तिथे पोलकशील्ड्स भागात हलाल गोश्ताची दुकाने ओळीने आहेत, बहुतेक पंजाबी पाकिस्तानी बिरादरीची. चिकन टिक्का मसाला हा पदार्थ ग्लासगोतच जन्मला असा त्यांचा दावा आहे. शीश महल हॉटेलचे अली अहमद अस्लम सांगत असत की एका गिऱ्हाइकाने टिक्का कोरडा लागतो अशी तक्रार केली म्हणून त्यांनी टोमॅटो सूप वापरून रस्सा केला. ते २०२२ मध्ये अल्लाला प्यारे झाले. दावा खरा की खोटा यावर वाद आहे, पण गिऱ्हाइकाच्या तक्रारीतून पदार्थ निघतो हे कुठल्याही दुकानदाराला पटेल.

खर्चाचे म्हणाल तर पौंड म्हणजे आपले शंभराच्या वर रुपये. मासळीचे एक सपर दहा पौंडांच्या पुढे जाते. गुणाकार केला की घास अडकतो. दोन दिवसांनी आम्ही गुणाकार सोडला.

एक दिवस बोटीने कंब्रे बेटावर गेलो. दहा मिनिटांचा पल्ला, मोटारी-बस सगळे बोटीत चढते. बेटाभोवती सुमारे दहा मैलांचा सपाट रस्ता आहे आणि मिलपोर्ट गावी भाड्याच्या सायकली मिळतात. घराण्यातली तीन-तीन माणसे सायकलवरून जाताना पाहिली. मुलगा आणि नातू फिरून आले, आम्ही उभयता मगरीसारख्या रंगवलेल्या खडकासमोर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी लार्ग्जच्या धक्क्याला वेव्हर्ली लागली. दोन्ही बाजूंना चाके असलेली, वाफेवर चालणारी बोट, १९४६ मध्ये पाण्यात उतरलेली. १९७४ मध्ये कंपनीला ती परवडेना, तेव्हा जुन्या बोटींच्या हौशी लोकांच्या संस्थेला ती एका पौंडाला विकली. एक पौंड! २०१९ मध्ये बॉयलर गेले आणि सारा हंगाम बुडाला. लोकांनी वर्गणी काढून नवे बॉयलर बसवले आणि २०२० मध्ये ती पुन्हा निघाली. इंजिनची खोली उघडी असते, पितळी दांडे फिरताना दिसतात. आम्हाला आमच्या मोहल्ल्यातील लूमच्या कारखान्याची आठवण झाली, तोच तेलाचा वास.

त्या संध्याकाळी मुलाने विषय काढला. नारदिनीत, चहा आणि स्कोन समोर असताना. म्हणाला, "अब्बा, त्या पार्टीला काय सांगायचे?" त्याचा हिशोब स्वच्छ होता. तयार कपड्यांनी थानाचा धंदा खाल्ला आहे, जो उरला तो ऑनलाईनवाले खात आहेत. उधारी वसूल होत नाही. धाकट्याला दुकानात रस नाही, पुतण्या मनाविरुद्ध बसतो. गाळ्याला आज भाव आहे, उद्या पूल किंवा रस्ता रुंदीकरण आले तर काय? आम्ही म्हणालो, मग सकाळी उठून आम्ही जायचे कुठे? यावर तो गप्प झाला. बोलल्या त्या बेगम. म्हणाल्या, "निकाहला तेहतीस वर्षे झाली. सलग पाच दिवस सकाळचा नाश्ता तुमच्यासमोर बसून केला तो इथेच." तक्रारीचा सूर नव्हता. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी शेवटचा फेरफटका म्हणून मुख्य रस्त्यावर गेलो. तिथे लोकरीच्या कपड्यांचे एक जुने दुकान आहे, काचेवर दुकान बंद होत असल्याचा आणि सूट असल्याचा कागद. आम्ही आत शिरलो नसतो तर नवल. हॅरिस ट्वीडचे तागे होते. या कापडाला स्वतःचा कायदा आहे, १९९३ चा: लोकर स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील दूरच्या बेटांवरच रंगवलेली व कातलेली हवी, आणि कापड तिथल्या विणकराने आपल्या घरी, हातमागावरच विणलेले हवे. तरच गोल आणि क्रॉसचा शिक्का बसतो. आपल्या हातमागवाल्यांनी हा कायदा मुद्दाम मिळवून वाचावा. आम्ही ताग्याचा कोपरा उलटा करून पाहिला, किनार बोटांत चोळली, दोन धागे उजेडाकडे धरले. मागून आवाज आला, तुम्ही कापडातले दिसता.

दुकानदार सत्तरीचे असतील. आमची इंग्रजी तोडकी आणि त्यांची बोली जड, पण वार, वजन, काउंट, डेड स्टॉक हे शब्द सगळीकडे सारखेच. चाळीस वर्षे दुकान चालवले होते. जागा विकली, तिथे कॅफे होणार. आम्ही विचारले, जीव तुटत नाही का? ते म्हणाले, जागेबद्दल नाही. तीन वर्षांपूर्वीही गिऱ्हाईक आले होते, तेव्हा नाही म्हटले. तेव्हाही चूक केली नाही आणि आताही नाही. चूक दुसरीच झाली. त्यांनी हाताने मांडण्या दाखवल्या, जमिनीपासून छतापर्यंत भरलेल्या. जागेच्या किमतीवर वर्षभर विचार केला, म्हणाले, पण मांडणीवर काय पडून आहे ते कधी मोजले नाही. दरवर्षी हंगाम येईल म्हणून माल भरत गेलो. आता जागा सोडायला दोन आठवडे आहेत आणि हा माल निम्म्या भावानेही जात नाही. ज्या दिवशी बंद करायचे मनात आले त्या दिवशी खरेदी थांबवायला हवी होती.

आम्ही त्यांच्याकडून बेगमसाठी एक शाल घेतली. कोपऱ्यात कैरी होती. भाव केला नाही.

बाहेर पाऊस लागला होता. किनाऱ्यावरच्या एका शेडमध्ये उभे राहून आम्ही भिवंडीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, मुनीमजींनी उचलला. धंदा कसा आहे विचारले, पाऊस आहे म्हणाले. मुलगा शेजारी येऊन उभा राहिला होता. आम्ही मुनीमजींना सांगितले की सुरतेची ऑर्डर थांबवा, आणि आज रात्री शटर पाडण्यापूर्वी माळ्यावरच्या मालासकट सगळे थान मोजून ठेवा. ते म्हणाले, सगळे? त्याला चार दिवस लागतील. आम्ही म्हणालो, लागू देत.